सिंगापूर ते न्यूअर्क: शनिवार दोनदा उजाडला तो प्रवास

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कशेजारचा न्यूअर्क विमानतळ यांच्यातलं हवाई अंतर १५,३४४ किलोमीटर. अंतर काढून देणाऱ्या कुठल्याही साइटवर ही दोन नावं टाका, एवढाच आकडा येतो आणि खाली वेळ येते, साधारण अठरा तास. अंतराला ठरावीक सरासरी वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, इतकंच ते गणित असतं. या आकड्यांवरून प्रवासाची अर्धीही कल्पना येत नाही. विमान या अंतरावरून जातच नाही, आणि किती वेळ लागणार हे त्या दिवशीचा वारा ठरवतो. जाताना आणि येताना मला हे अक्षरशः खिडकीतून बघायला मिळालं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ऑफिसचं काम सिंगापुरात संपत होतं आणि माझी मावसबहीण जर्सी सिटीत राहते. ताई कधीपासून बोलावत होती. युरोपात किंवा आखातात विमान बदलून जाणं स्वस्त पडलं असतं. पण सिंगापूर एअरलाइन्सचं न थांबता जाणारं हे विमान जगातल्या सर्वांत लांबच्या उड्डाणांपैकी एक आहे, आणि नकाशांचं मला लहानपणापासून वेड. ही संधी सोडायची नव्हती.

गुरुवार, सिंगापूर

ऑक्टोबरचा शेवट. सकाळपासून आभाळ भरलेलं आणि हवा इतकी दमट की चष्म्याच्या काचा पुसून पुसून कंटाळा यावा. हॉटेलजवळच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे तिथल्या साध्या कॉफीच्या दुकानात, काया टोस्ट, अर्धवट उकडलेली अंडी आणि कोपी घेतली. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानची पानं आटवून केलेला घट्ट गोड लेप. कोळशावर भाजलेल्या पातळ पावात तो आणि थंड लोण्याची जाड चकती. लोणी वितळायच्या आत खायचं, असं गल्ल्यावरच्या आजींनी खुणेने बजावलं आणि मी पहिला घास घेईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

बाहेर पाऊस सुरू झाला तेव्हा तिथेच बसून कागदावर आकडेमोड केली. ती इथे देते, कारण कुणालाही करता येईल आणि करून बघण्यासारखी आहे. चांगी विषुववृत्ताच्या जेमतेम १.४ अंश उत्तरेला आणि १०४ अंश पूर्व रेखांशावर. न्यूअर्क ४०.७ अंश उत्तरेला आणि ७४ अंश पश्चिम रेखांशावर. १०४ आणि ७४ मिळून १७८. म्हणजे दोन्ही ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत, आणि अशा दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट ध्रुवाशेजारून जाते. चांगीपासून ध्रुवापर्यंत ८८.६ अंश, पलीकडे न्यूअर्कपर्यंत खाली उतरायला ४९.३ अंश, एकूण १३७.९. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की १५,३०७ किलोमीटर. साइटवरच्या आकड्याशी फरक चाळीसएक किलोमीटरचा. शाळेच्या भूगोलातल्या अक्षांश-रेखांशांवर इतकं जवळ पोचता आलं याचा मला मनापासून आनंद झाला.

या गणितातून आणखी एक गोष्ट निघते. वाट जर जवळपास सरळ उत्तरेला असेल, तर पूर्वेला झुकून प्रशांत महासागरावरून जा किंवा पश्चिमेला झुकून भारत, युरोप आणि अटलांटिकवरून जा, लांबी फारशी बदलत नाही. दोन्ही वाटा खुल्या. मग निवड कशावरून होत असेल? याचं उत्तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवर बसलेलं होतं.

शुक्रवार, चांगी

विमान मध्यरात्रीच्या थोडं आधीचं. संध्याकाळीच विमानतळावर गेले, ज्वेल या तिथल्या मॉलमधला धबधबा बघायचा होता. काचेच्या घुमटाच्या मधोमध ४० मीटरवरून पाणी सरळ खाली कोसळतं, भोवती चार मजले झाडी. गर्दी खालच्या मजल्यावर असते; वरच्या मजल्यावर कठड्याशी उभं राहिलं तर पाण्याचा आवाज जास्त घुमतो आणि जागाही मिळते.

बाहेर विजा कडाडत होत्या. विजांचा इशारा असला की धावपट्टीवरची माणसं आत बोलावतात आणि सामान चढवणं, इंधन भरणं सगळं थांबतं. आमचं विमान पाऊण तास उशिरा हललं. पुढची विमानं गाठायची असलेले लोक बेचैन झाले. माझ्या शेजारचे गृहस्थ मात्र शांतपणे मनगटावरचं दुसरं घड्याळ बघत होते. हो, दोन्ही मनगटांवर घड्याळं. सत्तरीच्या आसपासचे, सिंगापुरातच जन्मलेले तमिळ गृहस्थ, आयुष्यभर मालवाहू जहाजांवर कॅप्टन होते. मुलाकडे फिलाडेल्फियाला निघालेले. उजव्या हातावर सिंगापूरची वेळ, डाव्या हातावर ग्रिनिचची. रक्तदाबाची गोळी ते ग्रिनिचच्या वेळेने घेतात, "म्हणजे मी जगात कुठेही असलो तरी गोळीला जेट लॅग होत नाही," असं म्हणाले.

"उशीर भरून निघेल," कॅप्टन म्हणाले. "आज जपानवर वारा चांगला आहे. मी बघून आलोय."

बसण्याविषयी थोडं. या विमानात साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. हे एअरबस ए३५० चं खास लांब पल्ल्याचं रूप. एकूण आसनं फक्त १६१: बिझनेसची ६७ आणि प्रीमियम इकॉनॉमीची ९४. साध्या ए३५० मध्ये याच्या कितीतरी जास्त लोक बसतात. इथे माणसं कमी, इंधन जास्त. प्रीमियम इकॉनॉमीच्या शेवटच्या तीन रांगांत खिडकीला एकेकटी सीट आहे. एकट्याने जाणाऱ्यांनी ती आधी बघावी, लवकर जाते. मला मिळाली नाही आणि बरं झालं, नाहीतर कॅप्टन भेटले नसते. शाकाहारी जेवण हवं असेल तर उड्डाणाच्या किमान २४ तास आधी नोंदवावं लागतं, आयत्या वेळी मागून मिळेलच असं नाही.

शुक्रवारची रात्र, शनिवार, आणि पुन्हा शुक्रवार

विमान धावपट्टीवर बराच वेळ धावलं. पूर्ण भरलं तर यात १,६५,००० लिटर इंधन मावतं, आणि उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २८० टन. इंधनाचंच वजन त्यातलं जवळपास निम्मं. इतक्या लांब न थांबता जायची खरी अडचण हीच आहे: शेवटच्या हजार किलोमीटरांचं इंधन पहिले चौदा-पंधरा हजार किलोमीटर वाहून न्यावं लागतं आणि ते वाहायलाही इंधन जळतं. २००४ ते २०१३ हीच सेवा चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने चालायची. शेवटची काही वर्षं तर विमानात फक्त बिझनेसच्या १०० सीट होत्या, तरी इंधनाचा खर्च झेपेना, म्हणून बंद झाली. दोन इंजिनांचं हे नवं विमान आल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये परत सुरू झाली.

जेवण आलं. गरम वरण, जिरा भात, पनीर आणि लोणच्याची पुडी. सिंगापूरच्या घड्याळात रात्रीचा दीड. कॅप्टननी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "न्यूयॉर्कला आता दुपारचा दीड आहे, जेवायची वेळ झालीच आहे, पण मला झोपायचंय." तेव्हा लक्षात आलं: उन्हाळी वेळ चालू असेपर्यंत सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यात बरोबर बारा तासांचा फरक असतो. काट्यांचं घड्याळ असेल तर त्याला हातसुद्धा लावावा लागत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात आणि मग मार्चपर्यंत फरक तेरा तासांचा.

झोपले. जाग आली तेव्हा खिडकीच्या झडपेखालून केशरी रेघ दिसत होती. निघून पाच तास झाले असतील. झडप थोडी वर केली. आम्ही जपानच्या दक्षिणेला होतो, खाली ढगांची सलग चादर आणि पुढच्या बाजूने शनिवार उजाडत होता. समोरच्या पडद्यावर जमिनीच्या हिशोबातला वेग दिसत होता: ताशी १,१४० किलोमीटर. हवेतला वेग नऊशेच्या आसपास असतो. वरचे दोनशेहून जास्त किलोमीटर पाठीमागून ढकलणाऱ्या वाऱ्याचे.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा. जपानवर तो फार जोरदार असतो, विशेषतः थंडीच्या दिवसांत. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला होता. त्याने १९२६ साली आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत छापला, जगभर वाचला जावा म्हणून. फार थोड्यांनी वाचला. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकन बॉम्बर विमानांना या वाऱ्याने हैराण केलं, तेव्हा कुठे बाकी जगाला त्याचा खरा जोर कळला. त्या माणसाबद्दल मला फार वाटतं. इतकं मोठं काही हाती लागलं होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

कॅप्टन जागे झाले तेव्हा मी त्यांना माझा कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि ध्रुवाच्या बाजूला पेन्सिलीने एक लांब वाकडी रेघ काढली. "ही तुमची ग्रेट सर्कल. ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जाते. सर्वांत आखूड वाट. आणि ही आज आपण चाललोय ती. हजारएक किलोमीटरने लांब. पण लांब वाटेवर वारा पाठीशी असेल तर ती आधी संपते. जहाजावर आम्ही लाटा आणि वादळं बघून हेच करायचो." विमान कंपनीने ही सेवा २०१८ मध्ये परत सुरू केली तेव्हाही अंतर १६,७०० किलोमीटर आणि वेळ पावणेएकोणीस तासांपर्यंत असंच जाहीर केलं होतं. १५,३४४ हा आकडा फक्त गोलावरचा. विमानाने प्रत्यक्षात उडायचा नव्हे. मार्ग प्रत्येक उड्डाणाआधी नव्याने आखतात, वारा, वादळं आणि कुठल्या देशाचं आकाश बंद आहे ते बघून.

मी विचारलं, मध्येच काही झालं तर? खाली नुसतं पाणी. त्यांनी पडद्यावरच्या नकाशात अलास्काच्या शेपटीवर बोट ठेवलं. तिथे कोल्ड बे नावाचं अगदी छोटं गाव आहे. माणसं मोजकी, पण धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब, दुसऱ्या महायुद्धातली. प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या विमानांची अडीअडचणीची जागा. त्या गावाबद्दल ऐकल्यापासून मला खालचं पाणी कमी रिकामं वाटायला लागलं.

निघून आठ तास झाले आणि १८० रेखांश आला. ऐन दुपार. पडद्यावरचं छोटं विमान वाररेषेवरून पलीकडे सरकलं. आत काहीच बदललं नाही. मागच्या रांगेतलं बाळ झोपलेलं, त्याची आई उभ्या उभ्या सँडविच खात होती. पण शनिवार दुपारचा शुक्रवार दुपार झाला होता. आणखी दोन तासांत सूर्य मागे गेला आणि मावळला. उजाडण्यापासून मावळेपर्यंत सगळा दिवस साडेपाच तासांचा. आम्ही पूर्वेला पळत होतो आणि सूर्य उलट्या दिशेला. शनिवारचा सूर्योदय बघून मग शुक्रवारचा सूर्यास्त बघितला, हे वाक्य लिहितानाही मला नीट बसून विचार करावा लागतोय.

हवाई सुंदरींपैकी एक पाणी घेऊन आली. तिला विचारलं, या फेरीत झोपेचं कसं जमतं? ती म्हणाली, पाळ्या असतात, वर झोपायच्या बंक असतात, आणि वैमानिकही चार असतात, आळीपाळीने विश्रांती घेतात. "मी तारीख बघतच नाही. पहिलं जेवण, दुसरं जेवण, उतरायची तयारी, हेच माझं घड्याळ." जाताना तिने मला उठून चालायला लावलं. विमानाच्या मागच्या मोकळ्या जागेत तिघं-चौघं जण पाय मोकळे करत उभे होते, त्यांच्यात जाऊन उभी राहिले. इतक्या लांबच्या बैठकीत पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका खरा असतो. दर दीड-दोन तासांनी उठा, पाणी पीत राहा, आणि पायांचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर दाबमोज्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारून घ्या. रोजच्या गोळ्यांच्या वेळाही त्याच भेटीत ठरवा, कारण बारा तासांच्या फरकात सकाळची गोळी रात्रीवर जाते.

कॅनडावर अंधार होता. डावीकडच्या खिडकीतून उत्तरेला क्षितिजावर एक राखाडी पट्टा दिसत होता, ढगासारखा. तो हलतोय असं वाटलं म्हणून फोनने फोटो काढला, तर फोटोत पट्टा हिरवा! ध्रुवीय प्रकाश. डोळ्यांना फिका दिसतो, कॅमेरा जास्त वेळ प्रकाश गोळा करतो म्हणून त्याला रंग दिसतो. कॅप्टनना खिडकीची जागा दिली. त्यांनी बराच वेळ कपाळ काचेला टेकवून बघितलं. आयुष्य समुद्रावर गेलं, पण बहुतेक सगळं विषुववृत्ताच्या आसपास. हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पूर्वेकडे जाताना उत्तर डावीकडे असते, तेव्हा हिवाळ्याच्या बाजूला जात असाल तर डावीकडची खिडकी मागा आणि आतला दिवा बंद करून, डोक्यावर पांघरूण घेऊन बघा.

पडद्यावर उंचीचा आकडाही बघत होते. सुरुवातीला ३१,००० फूट, मग ३५,०००, आता ३९,०००. इंधन जळून विमान हलकं होत जातं तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं.

शनिवार, पुन्हा एकदा: न्यूअर्क आणि जर्सी सिटी

उतरलो तेव्हा सकाळचे सहा वाजून गेले होते, अजून अंधारच. हवेत सतरा तास चाळीस मिनिटं. पाऊण तासाचा उशीर वाऱ्याने जवळपास सगळा भरून काढला होता. वेळापत्रकात दिसते ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं सगळं तिच्यात धरलेलं. म्हणून तिकिटावरचे साडेअठरा तास आणि हवेतला वेळ यांचा मेळ कधीच बसत नाही, आणि बसायची गरजही नसते.

कॅप्टनना घ्यायला मुलगा आला होता. ते त्याला पहिलं वाक्य काय बोलले? "शुक्रवार दोनदा मिळाला मला." त्यांनी माझा आकडेमोडीचा कागद परत केला आणि म्हणाले, "सपाट नकाशावर हे कधी दिसणार नाही. पृथ्वीचा गोल घ्या आणि दोरा ताणा."

विमानतळावरून एअरट्रेनने रेल्वे स्टेशन, तिथून एनजे ट्रान्झिटच्या रेल्वेने न्यूअर्कचं पेन स्टेशन आणि मग पाथ नावाच्या मेट्रोने जर्सी सिटी. एअरट्रेनचं भाडं रेल्वेच्या तिकिटातच येतं. तिकीट टाकू नका, गेटवर लागतं. मॅनहॅटनला जायचं असेल तर रेल्वेची गाडी न बदलता न्यूयॉर्कचं पेन स्टेशन गाठता येतं. क्वीन्स किंवा ब्रुकलिनला उतरणार असाल तर याच कंपनीचं न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाला जाणारं विमान घ्या, अंतरात फक्त पाच किलोमीटरचा फरक.

पाथच्या गाडीत बसले आणि दलदलीतल्या उंच गवतावर सूर्य उगवला. शनिवारच. सिंगापुरात ३१ अंश होते, इथे ८. स्टेशनवर ताई माझ्यासाठी जाड जाकीट घेऊन उभी होती. घराघरांच्या पायऱ्यांवर हॅलोवीनचे कोरलेले भोपळे, रस्त्याकडेची झाडं तांबडी-पिवळी. घरी ताईने गरम मुगाची खिचडी केली होती, वर तूप. दोन घास खाल्ले आणि टेबलावरच डोळे मिटायला लागले. ताईने झोपू दिलं नाही. "बाहेर उन्हात चल," म्हणाली आणि हाताला धरून हडसन नदीच्या काठावर नेलं. तिचं बरोबर होतं. शरीर दिवसाला साधारण तासभरच सरकतं, आणि त्याला सरकवायला सकाळच्या उजेडाइतकं चांगलं दुसरं काही नाही.

रविवार, घरीच

पहाटे तीनला टक्क जाग. भाचीही जागी झाली, दहा वर्षांची आहे. तिला म्हटलं, गोल आहे का घरात? तिने कपाटावरून काढून आणला, ३० सेंटीमीटर व्यासाचा, शाळेत बक्षीस मिळालेला. ताईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला. एक टोक तिने सिंगापूरवर अंगठ्याने दाबलं, दुसरं मी न्यूयॉर्कवर, आणि ताणला. दोरा आपणहून घसरला, चीन आणि सैबेरियावरून सरकत ध्रुवाच्या पत्र्याच्या चकतीला जाऊन टेकला.

"मावशी, तू नॉर्थ पोलवरून आलीस?"

मग मोजलं. गोलाचा घेर ९४ सेंटीमीटर, पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. दोरा भरला ३६ सेंटीमीटर. तिने पाटीवर गुणाकार केला: १५,३००. पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा तेच. त्यानंतर दोरा जपान आणि अलास्काच्या खालून वळवून मी आले ती वाट मापली, तर ३९. नुसते तीन सेंटीमीटर जास्त. तिने विचारलं, परत जाताना कुठून जाणार? तेच तर मलाही बघायचं होतं.

सोमवार, मॅनहॅटन

हडसनवरच्या पिअर ८६ या धक्क्यावर इंट्रेपिड संग्रहालय आहे. तिथे ब्रिटिश एअरवेजचं कॉन्कॉर्ड ठेवलंय, नोंदणी क्रमांक जी-बीओएडी. ७ फेब्रुवारी १९९६ ला याच विमानाने न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत गाठलं. प्रवासी विमानाचा हा विक्रम अजून मोडलेला नाही, आणि त्या दिवशीही मागून जोराचा वारा होता.

विमान बघून मी चकित झाले ते त्याच्या बारीक अंगाने. आत दोन-दोन सीट, खिडक्या पत्त्याएवढ्या. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं हे यंत्र एका दमात ७,२०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकायचं, म्हणजे सिंगापूरचं अर्धं अंतरसुद्धा नाही. वेगासाठी त्याने इतकं इंधन जाळलं की लांब जायला उरलंच नाही. माझ्या विमानाने उलटा सौदा केला: वेग पन्नास वर्षांपूर्वीच्याच विमानांचा, पण पल्ला दुपटीहून जास्त. तिथल्या वयस्कर मार्गदर्शकांना मी सिंगापूरहून न थांबता आल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही लोकांना जेवायच्या आत पोचवायचो. तुम्हाला तर तीनदा जेवायला घालत असतील."

वारा कडक होता. कान झाकतील अशी टोपी न्याच, पिअरवर आडोसा अजिबात नाही.

मंगळवार ताईबरोबर खरेदीत आणि गप्पांत गेला.

बुधवार ते गुरुवार, परत

सकाळचं विमान. गेटवर पहिलं काम केलं ते कर्मचाऱ्याला मार्ग विचारायचं. "आज अटलांटिक," तो म्हणाला. म्हणजे परत पूर्वेलाच! पश्चिमेला परत जायचं तर तोच वारा तोंडावर घ्यावा लागला असता. त्यापेक्षा तो पाठीशी ठेवून पृथ्वीची उरलेली बाजू पार करायची. दर वेळी असंच होतं असं नाही, कधी वेगळा मार्गही घेतात. पण आज तेच होतं. दोन ठिकाणं समोरासमोरच्या रेखावृत्तांवर असली की हे जमतं. न्यूयॉर्क ते लंडनला हा पर्यायच नसतो, तिथे परतताना वारा सोसावाच लागतो आणि तास-दीड तास जास्त जातो.

या वेळी एकटी सीट मिळाली. निघून साडेचार तासांत अटलांटिकवर सूर्य मावळला. युरोप अंधारात गेला, नुसते दिव्यांचे पुंजके. तुर्कस्तान, मग कॅस्पियन समुद्राचा काळा तुकडा. जेवून झोपले. मध्य आशिया ओलांडताना उजाडलं, खाली तपकिरी डोंगर आणि त्यांच्या घड्यांत निळी सावली.

आणि मग नकाशावर ओळखीची नावं यायला लागली. अहमदाबाद. थोड्या वेळाने नागपूर. भारतात सकाळचे दहा वाजत आले होते. खाली स्वच्छ ऊन, चौकोनी शेतं, एका धरणाचं चकाकणारं पाणी. अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून आपला मुलूख असा शांतपणे पायाखालून जाताना बघितला आणि गळ्याशी काहीतरी आलं. पलीकडच्या खिडकीतल्या बाईंनीही नाव वाचलं होतं. त्या वर्ध्याच्या निघाल्या. "बघा ना, इथून खाली उतरता आलं असतं तर," म्हणाल्या. मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आता धाकट्या मुलाकडे सिंगापूरला निघाल्या होत्या, तिथून मग घरी. आम्ही दोघी खिडकीला नाक लावून बसलो. वीसएक मिनिटांत विदर्भ संपला. त्यांनी पिशवीतून चक्क तीळगुळाचे लाडू काढले, "प्रवासात टिकतात हो," आणि दोन माझ्या हातावर ठेवले.

बंगालचा उपसागर ओलांडून चांगीला उतरलो ते गुरुवारी दुपारी, सव्वाचारनंतर. हवेत अठरा तासांना थोडं कमी. जाताना आणि येताना मिळून मी पृथ्वीला पूर्ण फेरी घातली होती, सगळी पूर्वेला. मी गेल्यापासून सिंगापूरच्या लोकांनी जितके सूर्योदय बघितले, त्यापेक्षा माझा एक जास्त झाला होता. मॅगेलनच्या मोहिमेतले वाचलेले खलाशी १५२२ साली पश्चिमेकडून फेरी पूर्ण करून आले, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत एक दिवस कमी भरला होता. तेच इथे उलट्या बाजूने.

वर्ध्याच्या काकूंना त्यांच्या मुलाच्या हवाली करून मी पुढच्या विमानाकडे गेले. पुढचं विमान घेणार असाल तर दोघांच्या मध्ये किमान तीन तास ठेवा, आणि शक्यतो एकाच तिकिटावर. मार्ग बदलला किंवा वारा पडला तर पोचायची वेळ सहज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते. चांगीच्या ट्रान्झिट भागात आंघोळीची सोय पैसे भरून मिळते. अठरा तासांनंतर ती आधी घ्या, जेवण नंतर.